बेस कॅम्प व्हाया तळेगाव चौक

दरीत उतरण्यापूर्वी मुक्काम कुठे ठोकायचा, या प्रश्नावर माणसं जितकी भांडतात, तितकी दरीत पडल्यावरही भांडत नसतील. गडाचं तसं नसतं. गड वर, गाव खाली, आणि गावात मारुतीच्या देवळाशिवाय पथारी टाकायला जागा नाही, विषय संपला. दरी मात्र पर्याय देते. आणि निगडीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यातल्या माणसापुढे पर्याय आले की त्याला एकच गोष्ट सुचते. तो एक्सेल उघडतो.

आमच्याकडे विषय निघाला तो कँटीनमध्ये, आणि काढला डिझाइनवाल्याने. (डिझाइनमधून निघालेली प्रत्येक गोष्ट शेवटी बाकीच्यांना निस्तरावी लागते, हा शॉपफ्लोअरचा जुना अनुभव.) त्याने उसळ खाता खाता मोबाइलवर पेरू देशातल्या कोल्का दरीचा व्हिडिओ दाखवला. अँडीज पर्वतातली ही दरी काही ठिकाणी ३ हजार मीटरहून अधिक खोल. म्हणजे आपलं १६४६ मीटरचं कळसूबाई आत उभं केलं, त्याच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवलं, तर जेमतेम काठावरून बाहेर डोकावता येईल. तिथे कोंडोर नावाची गिधाडं असतात. पंख पसरले की ३ मीटर. सकाळी ऊन चढलं, हवा तापली, की ती दरीतून अलगद वर येतात.

"बघा, पंखसुद्धा हलवत नाहीत आणि वर जातात," डिझाइनवाला भारावून म्हणाला.

"त्याला आपल्याकडे प्रमोशन म्हणतात," मेंटेनन्सवाला म्हणाला आणि त्याने दुसरी भाकरी घेतली.

इथे एक खुलासा. आमच्याकडे माणसाला नाव असतं ते फक्त पगाराच्या स्लिपवर. एरवी परचेस, क्वालिटी, मेंटेनन्स, सेफ्टी, एचआर मॅडम आणि स्टोअर्समधले अण्णा. मी प्लॅनिंगमध्ये. म्हणजे जे होणार नाही, त्याचं वेळापत्रक मी करतो.

कोल्काला जायचं की नाही, हे कोणी विचारलंच नाही. पाणी पिऊन होईपर्यंत सगळे पुढच्या प्रश्नावर पोहोचले होते: बेस कुठे करायचा?

उमेदवार तीन निघाले. आरेकिपा: उंची २३३५ मीटर, पांढऱ्या ज्वालामुखी दगडात बांधलेलं मोठं शहर, हॉटेलं हवी तेवढी, पण दरी लांब. तिथून एका दिवसात दरी बघून यायची तर गाडी पहाटे ३ वाजता दारात येते. चिवाय: ३६०० मीटरच्या आसपास, दरीच्या वरच्या अंगाला, गावाजवळ गरम पाण्याची कुंडं. आणि काबानाकोंडे: ३२८७ मीटर, थेट काठावरचं खेडं. घरातून बाहेर पडलं की पायवाट खालीच जाते.

"पहाटे ३?" एचआर मॅडम म्हणाल्या. "फर्स्ट शिफ्टची बससुद्धा साडेपाचला येते." आरेकिपाचे गुण तिथेच कापले गेले.

क्वालिटीने वेंडर सिलेक्शनचा जुना फॉरमॅट काढला. 'पुरवठादाराचे नाव' पुसून 'गावाचे नाव' लिहिलं, बाकी रकाने तसेच राहू दिले. त्यामुळे काबानाकोंडेकडे गेजेस कॅलिब्रेट केलेले आहेत का, मागच्या ३ वर्षांचा ताळेबंद नफ्यात आहे का, रिजेक्शन आलं तर माल परत घेतात का, यावर चर्चा करावी लागली. गुणांची वाटणी मात्र लोकशाही पद्धतीने झाली. संडास-बाथरूमला २५, जेवणाला २५, मोबाइलच्या रेंजला २०, बिछान्याला १५. पार्किंगला १०, जाणार विमानाने होतो, पण रकाना फॉरमॅटमध्येच होता आणि फॉरमॅट बदलायचा तर हेड ऑफिसची सही लागते. उरलेले ५ 'दरीपासूनचे अंतर' या बाबीला मिळाले.

तुलनेला एखादा ओळखीचा नमुना हवा, म्हणून क्वालिटीने चौथ्या ओळीत लोणावळा टाकलं. निकाल लागला. १०० पैकी ९१ गुण मिळवून लोणावळा पहिलं. बाकी तिघांपैकी जेवणाच्या रकान्यात कोणी दोन आकडी संख्या गाठली नव्हती.

"बेस म्हणून लोणावळ्यात काही खोट नाही," परचेस गंभीरपणे म्हणाला. "फक्त दरी पेरूत आहे."

लोणावळा बाद करायलाही मतदान घ्यावं लागलं, आणि ते एका मताने बाद झालं.

मग सेफ्टीने उंचीचा मुद्दा काढला. आमचं पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आतबाहेर. या उंचीवर जन्म काढलेल्या माणसांना एकदम चिवायला नेऊन सोडलं तर डोकं ठणकतं, मळमळतं, झोप उडते. शिवाय आरेकिपाहून चिवायला जाणारी बस वाटेत ४९१० मीटरची पातापाम्पा खिंड ओलांडते. मेंटेनन्सने ते सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. "चिवायला हवेचा दाब आपल्या खालच्या दाबाच्या दोन तृतीयांश. म्हणजे ६ बारच्या लाइनला ४ बार. सिलिंडर चालणार, पण रेंगाळत. आणि आपल्यातल्या काहींच्या लाइनला मुळातच लीकेज आहे." हे म्हणताना त्याने माझ्या पोटाकडे बघायची काहीच गरज नव्हती.

अण्णा तोवर गप्प होते. अण्णांनी स्टोअर्समध्ये हयात घालवली आहे. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि सही घेतल्याशिवाय द्यायचं नाही. त्यांनी विचारलं, "तिथे पाणी किती डिग्रीला उकळतं?"

"८८ च्या आसपास."

"मग तुरीची डाळ शिजायची नाही," अण्णा म्हणाले. "कुकर घ्यावा लागेल." एवढं बोलून ते पुन्हा गप्प झाले. सगळ्या चर्चेत कामाचं असं हे एकच वाक्य झालं, त्यामुळे ते मिनिट्समध्ये आलं नाही.

विरळ हवेवर उतारा म्हणून तिकडे कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथे तो घरोघरी पितात. इथे तीच पानं खिशात सापडली तर अमली पदार्थांचा कायदा लागतो. सेफ्टीने हे सांगितल्यावर परचेसने चहाच्या रकान्यात 'डेव्हिएशन घ्यावे लागेल' असं लिहिलं.

तयारी म्हणून उंचीची सवय करायचं ठरलं. पहिला टप्पा निगडीची दुर्गा टेकडी. तिथे सकाळी साडेसहाला आमच्या वडिलांच्या वयाची माणसं आम्हाला ओलांडून, वर जाऊन, हास्यक्लब आटपून खाली येताना पुन्हा भेटायची, आणि "दम घ्या, घाई नाही," असा सल्ला द्यायची. दुसरा टप्पा घोरावडेश्वर. या डोंगराला पायऱ्या आहेत, वर लेणी आहेत, महादेव आहे, आणि महाशिवरात्रीला कडेवर पोर घेऊन बाया तो चढून जातात. आमच्या तुकडीत हेडटॉर्च, दोन-दोन काठ्या आणि करोनाच्या काळातला ऑक्सिमीटर होता. ऑक्सिमीटर क्वालिटीकडे. तो दर वीस पायऱ्यांनी एकेकाचं बोट धरायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. "प्लॅनिंग ९६. परचेस ९७. एचआर ९८." निम्म्यावर आल्यावर त्याने माझं बोट धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. पडद्यावर काहीच नव्हतं. मला पायरीवर आडवं करण्यात आलं. पाय वर केले. कोणीतरी बुटाची लेस सोडली, कोणीतरी वारा घातला, आणि देवाला चाललेल्या एका आजींनी माझ्या कपाळाला अंगारा लावला. सेल संपले आहेत, हे मेंटेनन्सच्या लक्षात आलं तेव्हा माझ्या तोंडात साखरही घालून झाली होती.

दरीच्या ट्रेकची गोम काय आहे, हे त्या पायरीवर पडल्या पडल्या मला नीट समजलं. गड चढताना दम लागला तर माघारी फिरता येतं. दरीत दम लागतो, तेव्हा माघारी फिरणं म्हणजेच चढणं. काबानाकोंडेहून तळाच्या सांगाये नावाच्या हिरव्या जागेपर्यंत सुमारे ११०० मीटर उतरायचं असतं. उतरताना सगळेच शूर. दुसऱ्या दिवशी पहाटे तेवढंच वर यायचं असतं, आणि तेव्हा तळाशी खेचरवाले उभे असतात असं म्हणतात. धंद्याची जागा निवडावी तर अशी.

कोल्काचा निकाल शेवटी परचेसने लावला. नियमाप्रमाणे त्याने तीन क्वोटेशन मागवली. एल-वनचा, म्हणजे त्यातल्या सगळ्यात स्वस्त क्वोटेशनचा, आकडा ग्रुपवर पडला आणि तासभर कोणी काही लिहिलं नाही. मग एकाने जोडलेले हात टाकले. दुसऱ्याने मुलीच्या अॅडमिशनचं कळवलं. तिसऱ्याचे वडील, जे त्याच सकाळी दुर्गा टेकडीवर हसताना दिसले होते, अचानक थकले.

क्वालिटीने इभ्रत वाचवली. "थेट मास प्रॉडक्शनला जायचंच नसतं," तो म्हणाला. "आधी पायलट लॉट काढायचा."

पायलट लॉट म्हणून सांदण दरी ठरली. अकोले तालुक्यात, रतनगडाच्या शेजारी, सह्याद्रीच्या कातळाला वरपासून खालपर्यंत पडलेली ही भेग. लांबी दोनेक किलोमीटर, दोन्ही अंगांना दोन-तीनशे फुटांच्या भिंती, आणि काही जागी रुंदी इतकी कमी की ऊन आत यायला दुपार व्हावी लागते. पावसाळ्यात तिथे जायचं नाही. तेव्हा ती दरी पाण्याची असते. आणि कोल्कासारखीच हीसुद्धा उलटी: गाव वर, वाट खाली. साम्रद गाव अगदी दरीच्या तोंडाशी आहे. देवाने बेस नेमून दिलेला होता. भांडायला काही शिल्लकच नव्हतं.

पण सवय कुठे जाते! साम्रद म्हणजे आपलं काबानाकोंडे, हे मान्य झालं. मग भंडारदऱ्याजवळचं शेंडी म्हणजे आरेकिपा: १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, तलावाकाठची हॉटेलं, गीझर, बुफे. राजूर म्हणजे बाजारपेठेचं चिवाय. मध्येच एकाने रतनवाडी सुचवली, कारण तिथे अमृतेश्वराचं प्राचीन देऊळ आहे आणि 'देवदर्शनाला जातोय' असं घरी सांगता येतं. एक्सेल पुन्हा उघडलं. क्वालिटीने याही वेळी तुलनेला लोणावळा टाकलं. ते पुन्हा पहिलं आलं.

शेवटी साम्रदला राहायची सोय करणाऱ्या एका दादांना फोन लावला. स्पीकरवर.

"दादा, रूम आहेत का?"

"घर हाये. ओसरी हाये. तंबू पायजे तर तंबू हाये."

"गीझर?"

"चूल हाये."

"व्ह्यू कुठला आहे?"

"कशाचा?"

क्वालिटी पुढे सरसावला. "दादा, तुमची उंची किती?"

पलीकडे जरा शांतता. "माजी? आसंल साडेपाच फूट."

"तुमची नाही, गावाची."

"गावाची कोन मोजतंय? किती मान्सं, त्ये सांगा. भाकऱ्या किती टाकायच्या?"

भाकऱ्यांच्या प्रश्नाला आमच्या फॉरमॅटमध्ये रकाना नव्हता. साम्रद पक्कं झालं ते या गोंधळात.

आमच्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. जगाचा रविवार आमच्या वाट्याला येत नाही म्हणून सासुरवाडीपासून सगळीकडे आम्ही उपरे ठरतो, पण ट्रेकला हे बरं पडतं. शनिवार-रविवारची आयटीची झुंबड चुकते. बुधवारी रात्री टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. निगडी, भोसरी, मोशी, आणि मग नाशिक हायवेवर चाकण. ज्या रस्त्यावर आम्ही रोज कंपनीच्या बसमध्ये पेंगतो, त्याच रस्त्यावर त्या रात्री आम्ही साहसाला निघालो होतो, एवढाच फरक. रस्ता आपल्या जागी होता. आंबेठाण चौक आणि तळेगाव चौक यांच्या मध्ये एका कंटेनरने वळायचं मनावर घेतलं होतं. त्याला वाट द्यायला दुसरा कंटेनर मागे येत होता, आणि त्या दोघांच्या मधून जायला मिळेल अशी श्रद्धा असलेले दुचाकीवाले सर्व दिशांनी आत शिरत होते. मेंटेनन्सने खाली उतरून शिट्टी मारत थोडा वेळ वाहतूक सांभाळली. परत आला तेव्हा गाडी होती तिथेच होती, फक्त तो घामाघूम झाला होता.

चाकणला संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने तो शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. डिझाइनवाला म्हणाला, आज एवढं लढावंच लागलं नसतं. खानाच्या तोफा कुरुळी फाट्यालाच अडकल्या असत्या.

"उंचीची सवय करायची म्हणजे एका जागी थांबून राहायचं असतं ना?" एचआर मॅडमनी विचारलं. "झाली की मग."

पुढे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. साम्रदला उतरलो तेव्हा तांबडं फुटत होतं, आणि दादांच्या आईने चुलीवर पाणी ठेवलेलं होतं. अण्णांनी पिशवीतून कुकर काढला. म्हातारीने तो उलटसुलट करून पाहिला. "आवं, आमच्याकडं हाये की कुकर," ती म्हणाली. "तुमच्यापरीस मोठा हाये." अण्णांनी तरीही स्वतःच्या कुकरला स्वतःची डाळ लावली आणि ती शिजल्यावर, "एक शिट्टी जास्त लागली, उंचीचा परिणाम," असं जाहीर केलं. क्वालिटीने ते लिहून घेतलं.

दरीच्या तोंडाशी पोहोचलो. तिथे गार झरा आहे, झाडं आहेत, बसायला सपाट दगड आहे. परचेस त्या दगडावर बसला आणि त्याने गुडघ्याला हात लावला. "तुम्ही पुढे व्हा. मी इथे बेस सांभाळतो." थोडं आत गेल्यावर धोंडे सुरू होतात. फ्रिजएवढे, मग रिक्षाएवढे, मग गॅरेजएवढे. एका रिक्षाएवढ्या धोंड्यावर डिझाइनवाल्याला आकार फार आवडला. तो तिथेच राहिला. त्याचा बेस तो. मग पाणी आलं.

हिवाळ्यातलं सांदणचं पाणी म्हणजे काय, ते सांगतो. दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील की काय अशी जागा. वर आकाशाची एक फीत. खाली काळसर हिरवं पाणी, अजिबात न हलणारं. पहिलं पाऊल टाकलं की थंडी घोट्यातून थेट दाढेत जाते. गुडघ्यापर्यंत माणूस विनोद करतो. मांडीपर्यंत तो गप्प होतो. कमरेला पाणी लागलं की सेफ्टीसारखा शिस्तीचा मनुष्यसुद्धा आईला हाक मारतो आणि ती हाक दोन्ही भिंती मिळून चारदा परत करतात. तळाचे दगड शेवाळलेले. दादांचा पुतण्या आमच्या पिशव्या डोक्यावर घेऊन त्यातून ये-जा करत होता. सेफ्टीने काठावरून त्याला दटावलं, "पायात सेफ्टी शूज कुठे आहेत?"

"साहेब, बूट काढा तुम्ही," तो म्हणाला. "त्येनंच घसरतंय."

सेफ्टी म्हणाला, नियम म्हणजे नियम. दुसऱ्या मिनिटाला तो संपूर्ण हेल्मेटसह पाण्याखाली होता. पोराने त्याला कॉलरला धरून वर काढलं आणि न विचारता पाठीवर घेतलं. पलीकडे उतरवल्यावर सेफ्टीने त्या कोरड्या कातळालाच बेस घोषित केलं. मी पाण्याच्या अलीकडेच होतो. कोणीतरी अलीकडे असणं गरजेचं असतं. प्लॅनिंगचं काम ते.

दोराने उतरायच्या पहिल्या कड्यापर्यंत त्या दिवशी कोण पोहोचलं? एचआर मॅडम, मेंटेनन्स आणि अण्णा. अण्णांनी कुकर बरोबर नेला होता. "मागे ठेवला असता तर सही कोणाची घ्यायची?" असं त्यांनी नंतर विचारलं. कड्याच्या टोकावर तिघांनी त्यातलं वरण वाटून खाल्लं आणि परतीच्या वाटेवर ते आमच्यातल्या एकेकाला त्याच्या त्याच्या बेसवरून गोळा करत आले.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्टनंतर आढावा बैठक झाली. मोहीम यशस्वी ठरली, कारण प्रत्येकाचा बेस उत्तम निघाला होता आणि तक्रार कोणाचीच नव्हती. मग पेरूचा विषय पुन्हा पटलावर आला. चिवायला गरम पाण्याची कुंडं आहेत, हे परचेसला आता नव्याने महत्त्वाचं वाटू लागलं होतं. सेफ्टीला खेचरांची व्यवस्था आवडली, मात्र खेचराची लोड टेस्ट कोणी केली आहे, हे आधी कळायला हवं. मिनिट्स मीच लिहिली, ती कँटीनच्या बोर्डावर अजून आहेत: बेस, काबानाकोंडे, मंजूर. खेचराची वहनक्षमता, जबाबदारी क्वालिटी. डाळ, जबाबदारी अण्णा. दरीत उतरण्याबाबत निर्णय पुढील बैठकीत.